प्रीपझेस्ड, प्रेज्युडिस्ड, बायस्ड: मराठीत नेमकं काय म्हणायचं? (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

बेळगावात टिळकवाडीत मी संध्याकाळी मराठी शाळांतून आलेल्या मुलांना इंग्रजी शिकवतो. मुलं खानापूर, निपाणी, येळ्ळूर, कंग्राळी अशी सगळीकडून येतात. त्यांच्या घरात मराठी, बसमध्ये कन्नड, टीव्हीवर हिंदी आणि परीक्षेत इंग्रजी. समानार्थी शब्दांच्या सरावात एकदा ‘प्रीपझेस्ड’ आला आणि त्या तासाचं बाकी सगळं बाजूला राहिलं. तेव्हापासून याच गोतावळ्यातल्या शब्दांबद्दल मुलं विचारतात, पालक विचारतात, कोर्टात टायपिंग करणारे दोघे-तिघेही विचारतात. सगळ्यांना वेगवेगळं सांगण्यापेक्षा इथं एकदाच लिहून ठेवतो.

प्रीपझेस्ड म्हणजे काय? शब्दकोशात दोन अर्थ दिसतात आणि दोन्हींचा एकमेकांशी संबंध वाटत नाही.

संबंध आहे. ‘प्री’ म्हणजे आधी, ‘पझेस’ म्हणजे ताब्यात घेणं. सतराव्या शतकात हा शब्द इंग्रजीत आला तो दुसऱ्याच्या आधी एखाद्या गोष्टीचा ताबा घेणं या अर्थानं. पुढं तो मनाला लागू झाला.

मी वर्गात बसस्टँडवरचं उदाहरण देतो. निपाणीची गाडी फलाटाला लागते न लागते तोच खिडकीतून कुणीतरी रुमाल टाकतो. आपण दारातून धक्के खात आत जाऊन बघतो तर बाकडं रिकामं, पण जागा धरलेली. मनाचंही असंच असतं. तिथं एखाद्या कामानं किंवा काळजीनं रुमाल टाकला असेल तर माणूस ‘प्रीऑक्युपाइड’, म्हणजे तुमच्या बोलण्याला बसायला जागाच नाही. तिथं एखाद्या मतानं रुमाल टाकला असेल तर माणूस ‘बायस्ड’, म्हणजे तुमच्या मुद्द्याला जागा नाही. प्रीपझेस्ड या एका शब्दात दोन्ही रुमाल येतात.

एक बारकावा लक्षात ठेवा. मताच्या अर्थानं वापरला तर प्रीपझेस्ड बहुतेक वेळा चांगल्या बाजूला झुकतो, म्हणजे आधीच अनुकूल मत झालेला. प्रेज्युडिस्ड बहुतेक वेळा वाईट बाजूला.

मग मराठीत त्याला एकच शब्द सांगा.

सांगता येत नाही, आणि सांगू नये असं माझं मत आहे. रुमाल टाकला कुणी ते मराठी आधी विचारते. कामानं टाकला तर ‘व्यग्र’ किंवा ‘मग्न’. मायेनं टाकला तर ‘कल’, ‘ओढा’, ‘झुकतं माप’. रागानं टाकला तर ‘अढी’, ‘आकस’. भुतानं टाकला तर ‘झपाटलेला’. वाक्य पुढं आल्याशिवाय मी शब्द देत नाही, म्हणून मुलं माझ्यावर वैतागतात.

पूर्वग्रह की पूर्वाग्रह?

मराठीत पूर्वग्रह. हा प्रश्न आठवड्यातून एकदा तरी येतोच, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

‘ग्रह’ म्हणजे धरणं, पकडणं. पूर्वग्रह म्हणजे माणूस किंवा गोष्ट नीट बघायच्या आधीच मनात धरलेला समज. आपण रोजच्या बोलण्यातही म्हणतो, ‘त्यांनी माझ्याबद्दल भलताच ग्रह करून घेतलाय.’ तोच हा ग्रह. हिंदीत पूर्वाग्रह चालतो, तिथं फोड पूर्व अधिक आग्रह अशी होते. हिंदी बातम्या ऐकून ऐकून तो आपल्याकडं शिरला आहे. मराठी माणसाला आग्रह म्हटलं की पंगतीत पानावर जिलेबी वाढणारा हात आठवतो. आधीच केलेला आग्रह म्हणजे जेवायच्या अगोदरच पोट भरणं झालं! हिंदीत तो बरोबर आहे, त्याला नावं ठेवायचं कारण नाही. मराठी लिहिताना मात्र पूर्वग्रहच लिहा, आणि ‘पू’ दीर्घ.

एका मुलानं पूर्वग्रहाचा अर्थ ‘पूर्वेकडचा ग्रह’ असा लिहिला होता. मी मार्क दिले नाहीत, पण त्या दिवशी वर्गात सगळ्यांत जास्त विचार त्यानंच केला होता.

‘पूर्वग्रहदूषित’ हे माणसाचं, मताचं किंवा दृष्टीचं विशेषण. हे ‘दूषित’ आहे म्हणून शब्द जड होतो. प्रत्येक ठिकाणी तो लावू नका. ‘त्याचा ग्रह झालाय’ एवढ्यानं काम भागत असेल तर तेवढंच लिहावं.

गंमत म्हणजे इंग्रजी प्रेज्युडिसचं मूळ लॅटिन ‘प्रेज्युडिशियम’मध्ये आहे: प्रे म्हणजे आधी, ज्युडिशियम म्हणजे निवाडा. तिकडं सुनावणीआधीच निकाल लागलेला, आणि आपल्याकडं आधीच मूठ आवळलेली. मला आपला शब्द जास्त आवडतो, कारण आवळलेली मूठ सोडता येते.

पूर्वग्रह आणि गैरसमज यांत फरक काय?

गैरसमज माहिती दिली की जातो. पूर्वग्रहाला माहिती दिली की तो तीच माहिती आपल्या बाजूचा पुरावा म्हणून वापरतो.

पूर्वग्रह आणि पक्षपात हे समानार्थी आहेत ना?

परीक्षेच्या पर्यायांत शेजारी-शेजारी येतात, पण नाहीत. पूर्वग्रह मनात असतो, पक्षपात हातून घडतो. मनात ग्रह असूनही एखादा मास्तर पेपर सरळ तपासू शकतो. आणि मनात काहीही नसताना फक्त वरून फोन आला म्हणूनही पक्षपात होतो.

पक्ष म्हणजे बाजू, आणि पंखही. पात म्हणजे पडणं. एका बाजूला पडणं तो पक्षपात. कन्नडमध्येही शब्द हाच, पक्षपात, त्यामुळं कन्नड शाळेतून आलेल्या मुलाला तो समजावून सांगावा लागत नाही.

पण मराठीचा खरा खजिना याच्या आजूबाजूला आहे. एकाच पंगतीत बसवून एकाच्या भातावर तुपाची धार आणि दुसऱ्याच्या भातावर चार थेंब, याला ‘पंक्तिप्रपंच’ म्हणतात. इंग्रजीत याला एका शब्दाचा जोड मला आजवर सापडलेला नाही. आपलं आणि परक्याचं असं मनात मोजणं तो ‘आपपरभाव’. दोघांना दोन प्रकारची वागणूक तो ‘दुजाभाव’. सावत्र आईनं द्यावी तशी वागणूक म्हणजे ‘सापत्नभाव’. सीमाभागात वर्तमानपत्र वाचणाऱ्याला हा शब्द शिकवावा लागत नाही, कारण रस्त्यापासून शाळेपर्यंत कुठल्याही तक्रारीत ‘सापत्न वागणूक’ छापून येतेच. सावत्र आया बिचाऱ्या उगाच बदनाम आहेत, पण शब्द रुजलाय.

बाजारातून आलेला ‘झुकतं माप’ तेवढाच नेमका. भाजीवाली ओळखीच्या गिऱ्हाइकासाठी तराजूचं पारडं जरा खाली जाऊ देते. त्यात चोरी नसते, माया असते. म्हणून सौम्य पक्षपाताला झुकतं माप म्हणावं आणि बोचणाऱ्याला पक्षपात.

बाजू घेण्याचेही प्रकार आहेत. ‘कड घेणं’ म्हणजे भांडणात एखाद्याच्या बाजूनं उभं राहणं. ‘तरफदारी’ तेच, पण त्यात वकिली जास्त. अरबी ‘तरफ’ म्हणजेही बाजूच. ‘तळी उचलणं’मध्ये लाचारीचा वास येतो. ‘री ओढणं’ म्हणजे स्वतःचा सूर नसणं. कन्नडमध्ये ‘कडे’ म्हणजे बाजू. ‘नम्म कडे’ म्हणजे ‘आमच्याकडं’. दोन्ही भाषा बोलणाऱ्या घरात या शब्दाला कुठली भाषा लागू करायची ते कुणी विचारतही नाही.

म्हणी चालतील का? निबंधात वापरायच्या आहेत.

चालतील, पण एकच वापरा, तीन नकोत.

पूर्वग्रहाला ‘नावडतीचं मीठ अळणी’ याच्या तोडीचं काही नाही. मीठ तेच, डब्यातलं तेच, चमचाही तोच, पण वाढणारी नावडती. चव जिभेवर ठरलेलीच नाही, ती आधीच ठरली होती. पक्षपाताला ‘आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं’. पोरगं एकच प्रकारची मस्ती करतं, नाव मात्र घर बघून मिळतं.

कन्नडमधली एक म्हण इथल्या मराठी घरांतही ऐकू येते: ‘ओंदु कण्णिगे बेण्णे, इन्नोंदु कण्णिगे सुण्ण’. एका डोळ्याला लोणी, दुसऱ्या डोळ्याला चुना. आपल्या पंक्तिप्रपंचात दुसऱ्याला फक्त कमी मिळतं, इथं दुसऱ्याचा डोळाच जातो. पक्षपाताची एवढी झणझणीत म्हण मराठीत मला आठवत नाही, आणि हे कबूल करायला मला कमीपणा वाटत नाही.

बायस या शब्दाचं मूळ काय? त्यालाही पक्षपातच म्हणायचं का?

बायसचं मूळ फ्रेंच ‘बिये’ या शब्दात आहे, अर्थ तिरका. इंग्लंडमध्ये हिरवळीवर लाकडी गोळे घरंगळत नेण्याचा एक जुना खेळ आहे. त्या गोळ्याला मुद्दाम एका अंगानं असा भार किंवा आकार देतात की सरळ सोडला तरी तो वळत जातो. त्या वळण्यालाच बायस म्हणायचे. तिथून तो माणसांना लागला.

आता गंमत बघा. शिंप्याच्या दुकानात हाच शब्द मराठीत पूर्वीपासून आहे. ब्लाऊजच्या गळ्याला जी तिरक्या विणीची पट्टी लावतात तिला ‘उरेब पट्टी’ म्हणतात. इंग्रजीत तिचं नाव ‘बायस टेप’! कापड उभ्या-आडव्या धाग्यांवर कापलं तर ताणत नाही, कोनात म्हणजे उरेब कापलं तर ताणतं आणि गोल गळ्यावर बिनसुरकुतीचं बसतं. शहापूर-वडगावची मुलं मागाच्या घरातली असतात, त्यांना उभा धागा, आडवा धागा सांगायची गरज नाही. त्यांना मी म्हणतो, बायस म्हणजे मनाचा उरेब. एकदा समजलं की ते विसरत नाहीत.

म्हणजे बायसमध्ये मुळात दोष नाही, तिरकेपणा आहे. म्हणून साध्या ठिकाणी ‘कल’ हा शब्द वापरा. ‘तिचा कल विज्ञानाकडं आहे’ यात कुणी चुकलेलं नाही. मतमोजणीच्या दिवशीही ‘कल’ येतात आणि दुपारपर्यंत फिरतात. दोष दाखवायचा असेल तर ‘एकांगी’, ‘एकतर्फी’, ‘पक्षपाती’. संख्याशास्त्राच्या पुस्तकात ‘अभिनती’ भेटेल. तो तिथंच राहू द्या.

कन्फर्मेशन बायसला मराठी शब्द?

‘सोयीचं तेवढंच बघणं’ असं मी सरळ सांगतो. पीटर वेसन या मानसशास्त्रज्ञानं 1960 मध्ये एक साधा प्रयोग केला. लोकांना 2, 4, 6 हे आकडे दिले आणि यामागचा नियम ओळखा म्हणाला. तुम्ही आपले आकडे सांगा, नियमात बसतात की नाही ते मी सांगतो. बहुतेकांनी 8, 10, 12 अशी आपल्या अंदाजाला पटणारीच उदाहरणं दिली आणि ठामपणे ‘दोनदोननं वाढतात’ असं उत्तर दिलं. नियम एवढाच होता की आकडे चढते हवेत. 1, 2, 3 विचारलं असतं तरी कळलं असतं. आपला अंदाज चुकतोय का हे तपासायला फार थोडे गेले.

वर्गात हा खेळ मी खेळून बघतो. दरवेळी पहिल्या बाकावरचा हुशार मुलगाच आधी फसतो.

प्रीऑक्युपाइड म्हणजे बिझी ना?

नाही. बिझी माणसाचे हात गुंतलेले असतात, प्रीऑक्युपाइड माणसाचं मन. आमच्या आईचं वाक्य होतं, ‘बसलाय इथं खरं लक्ष कुठं हाय त्याचं?’ प्रीऑक्युपाइडचं याहून चांगलं भाषांतर मी करू शकत नाही. (बाहेरच्या वाचकांसाठी: आमच्याकडं ‘खरं’ म्हणजे ‘पण’.)

लिहिण्यासाठी शब्द हवे असतील तर ते असे पारखून घ्या.

‘मग्न’ म्हणजे बुडालेला. ‘गर्क’ही बुडालेलाच, फक्त अरबीतून आलेला. संस्कृत आणि अरबी या दोन दूरच्या भाषांना मन गुंतणं म्हणजे पाण्यात बुडणंच वाटावं, हे मला फार छान वाटतं. ‘मश्गूल’ही अरबी, अर्थ कामात गुंतलेला, मराठीत मात्र त्याला गप्पा आणि मौज चिकटली आहे. गप्पांत मश्गूल म्हणतात, हिशेबात मश्गूल सहसा म्हणत नाहीत. ‘तल्लीन’ म्हणजे त्यातच विरघळलेला, तो भजनाला, गाण्याला ठेवा. ‘गढलेला’ विचारात किंवा पुस्तकात. हे सगळे सुखाचे शब्द आहेत.

प्रीऑक्युपाइडमध्ये मात्र बहुतेक वेळा काळजी असते. तिथं ‘व्यग्र’ बसतो. अग्र म्हणजे टोक. सगळं मन एका टोकावर आलं की एकाग्र, अनेक टोकांना पांगलं की व्यग्र. हल्ली आपण ‘कामात व्यग्र’ म्हणून तो शब्द नुसत्या बिझीपणासाठी झिजवतोय, पण त्यात मुळात ओढाताण आहे. मन दुसरीकडंच असेल तर पुस्तकी शब्द ‘अन्यमनस्क’ आणि घरगुती ‘चित्त थाऱ्यावर नाही’. आणि लेक परगावी शिकायला असलेल्या आईसाठी ‘घार हिंडते आकाशी, चित्त तिचे पिलापाशी’ ही म्हण आहेच.

कन्नडमध्ये ‘मै मरेतु’ म्हणतात, शब्दशः अंग विसरून. आपण म्हणतो देहभान हरपून.

मन गुंतलेलं असलं की समोरचं दिसत नाही, हे नुसतं म्हणायला की खरंच?

खरंच. डॅनियल सायमन्स आणि ख्रिस्टोफर शाब्री यांचा 1999 मधला प्रयोग प्रसिद्ध आहे. पांढऱ्या शर्टातले आणि काळ्या शर्टातले खेळाडू चेंडू फेकत असल्याची चित्रफीत दाखवली आणि एका गटानं किती वेळा चेंडू दिला ते मोजायला सांगितलं. मध्येच गोरिलाचा पोशाख घातलेला माणूस आला, छाती बडवली आणि निघून गेला. साधारण निम्म्या लोकांना तो दिसलाच नाही. डोळे उघडे होते, पण मनाच्या बाकड्यावर मोजदादीचा रुमाल पडला होता.

प्रीपझेस्डचे दोन अर्थ एकाच शब्दात का राहतात असं कुणी पुन्हा विचारलं तर मी आता हा गोरिला दाखवतो. कामात गुंतलेल्याला गोरिला दिसत नाही आणि मनात अढी असलेल्याला समोरच्याचा चांगुलपणा दिसत नाही.

ऑब्सेस्डला वेडा म्हणायचं का?

वेडा म्हटलं की आजार डोळ्यापुढं येतो, म्हणून जपून. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ वेढा घालून बसणं असा आहे. किल्ल्याला वेढा पडावा तसा मनाला पडलेला. मराठीनं मात्र इथं भुताखेताकडून शब्द घेतले: ‘झपाटलेला’, ‘पछाडलेला’. सौंदत्तीचा यल्लम्माचा डोंगर आमच्याच जिल्ह्यात, त्यामुळं अंगात येणं म्हणजे काय ते इथल्या मुलांनी लहानपणीच पाहिलेलं असतं. कन्नडमध्येही ‘मै मेले बरोदु’, म्हणजे अंगावर येणं. पझेस्ड हा इंग्रजी शब्दही भुतानं धरलेल्या माणसाला लावतात हे सांगितलं की प्रीपझेस्ड एकदम ओळखीचा वाटायला लागतो.

चांगल्या अर्थानं ‘ध्यास’. हलक्याफुलक्या अर्थानं ‘नाद’, ‘खूळ’, ‘पिसं’. निपाणीकडची मुलं ‘नाद खुळा’ म्हणतात आणि तो शेरा कौतुकाचा असतो, हे कोल्हापूरचं वारं. ‘नादाला लागला’ म्हटलं की मात्र आई रडायला लागते. शब्द तोच, शेवटचं क्रियापद बघा.

कुणाबद्दल आधीच मन वाईट असेल तर कोणता शब्द?

किती वाईट आणि किती दिवसांपासून, ते सांगा.

‘किंतु’ सगळ्यांत हलका, एक शंका. ‘अढी’ त्याहून घट्ट. आंबे पिकवायलाही गवतात अढी घालतात. दोन्ही शब्दांचं मूळ एक असेलच असं नाही, पण मनातली अढीही झाकून ठेवली की पिकतेच. ‘आकस’ म्हणजे संधी मिळाली की त्रास देण्याची तयारी. ‘दात असणं’ त्याच्याच जवळचं. ‘डूख’ सापाकडून आलेला: लोकांच्या समजुतीत नाग डूख धरतो आणि वर्षानुवर्षं विसरत नाही. ऑफिसमधल्या साहेबाबद्दल तक्रार लिहिताना डूख लिहू नका. आकस पुरे.

डिसइंटरेस्टेड म्हणजे रस नसलेला का?

रस नसलेला म्हणजे अनइंटरेस्टेड. डिसइंटरेस्टेड म्हणजे ज्याचा त्यात स्वार्थ नाही असा, म्हणून निःपक्षपाती. बोलताना इंग्रजही गल्लत करतात, परीक्षा घेणारे करत नाहीत.

याला जोडून ‘तटस्थ’ बद्दल. तट म्हणजे काठ, तटस्थ म्हणजे काठावर उभा राहिलेला. 2019 च्या ऑगस्टमध्ये कृष्णा, घटप्रभा, मलप्रभा या तिन्ही नद्यांनी जिल्ह्यात हाहाकार केला, तेव्हा काठावर उभं राहून नुसतं बघणं काय असतं ते इथं सगळ्यांनी अनुभवलं. न्यायाधीश तटस्थ नसतो, त्याला निकाल द्यावाच लागतो. तो निःपक्षपाती असावा लागतो. दोन भावांच्या भांडणात गप्प बसलेला काका तटस्थ, आणि वाटणी सरळ करून देणारा काका निःपक्षपाती. (गप्प बसलेल्या काकाचाही एक कल असतो, पण तो वेगळा विषय.)

‘निःपक्ष’, ‘निष्पक्ष’ दोन्ही दिसतात. निःपक्षपाती मराठी कानाला जास्त सरावाचा आहे.

नोटिशीत ‘विदाऊट प्रेज्युडिस’ असतं. त्याचं भाषांतर ‘पूर्वग्रह न ठेवता’ करतात. बरोबर?

चूक, आणि ही चूक महागात पडू शकते. कायद्याच्या भाषेत इथं प्रेज्युडिस म्हणजे हक्काला पोचणारी बाधा. म्हणून ‘आमच्या हक्कांना बाध न येता’ असं लिहायचं. कायद्यांच्या मराठी मजकुरातही ‘बाध न येता’, ‘बाध न आणता’ अशीच रचना असते. नोटीस देणारा म्हणतोय, मी तडजोडीचं बोलतोय म्हणून माझा हक्क सोडला असं समजू नका. त्याच्या मनात तुमच्याबद्दल ग्रह आहे की नाही हा प्रश्नच तिथं नाही.

मग कोर्टात बायस म्हणतात तो कोणता?

तो पक्षपात. मूळ तत्त्व असं की स्वतःच्या खटल्यात कुणी स्वतः न्यायाधीश होऊ नये. सर्वोच्च न्यायालयाचा 1969 चा क्रायपाक खटला यासाठी नेहमी सांगतात. जम्मू-काश्मीरमध्ये वनसेवेसाठी निवड होती आणि निवड मंडळावर बसलेले एक अधिकारी स्वतःच उमेदवार होते. स्वतःच्या नावाची चर्चा चालू असताना ते बाजूला झाले, पण प्रतिस्पर्ध्यांच्या वेळी मंडळात होते. न्यायालयानं निवड रद्द केली. प्रत्यक्षात पक्षपात झालाच हे सिद्ध करावं लागत नाही, तो होण्याची सयुक्तिक शक्यता दिसली तरी पुरते. मला यातलं सगळ्यांत पटतं ते हे की कुणाच्या मनात शिरून बघायची गरज कायद्यानं ठेवलेली नाही. बाकड्यावर रुमाल दिसला, बास.

‘आय ॲम पार्शल टू कुंदा’ म्हणजे मी कुंद्याचा पक्षपाती?

कुंद्यावर माझा जीव आहे. (बाहेरच्या वाचकांसाठी: कुंदा ही बेळगावची मिठाई.) पार्शलचा तिसरा अर्थ अंशतः, म्हणून ‘पार्शल पेमेंट’ला पक्षपाती हप्ता म्हणू नका. असं कुणीतरी खरंच लिहिलं होतं.

प्रीपझेसिंग म्हणजे पक्षपात करणारा?

हा सापळा आहे. प्रीपझेसिंग माणूस म्हणजे बघताक्षणी मन जिंकणारा. रुमाल तो टाकतो, पण तुमच्या मनात. ‘लोभस’, ‘लाघवी’, ‘छाप पाडणारा’ यांतून निवडा. अनप्रीपझेसिंग म्हणजे दिसायला यथातथा. लग्नाच्या बायोडाटात दोन्ही टाळा.

सीमाप्रश्नावर लिहिताना निःपक्षपाती शब्द कोणते?

फार कमी आहेत. 1 नोव्हेंबर 1956 ला राज्यांची पुनर्रचना झाली. त्या तारखेला इथं एका गल्लीत राज्योत्सवाची मिरवणूक असते आणि दुसरीत काळा दिन पाळतात. तारखेचं नाव घेतलं की तुमचा कल समोरच्याला कळतो. 2014 च्या 1 नोव्हेंबरपासून शहराचं सरकारी नाव बेळगावी झालं. मी बेळगाव लिहितो, कारण आजी तसं म्हणायची. हाही उरेबच, नाकारत नाही.

मुलांना एवढंच सांगतो की विशेषणं खोडा आणि काय झालं ते लिहा. ‘सापत्न वागणूक मिळाली’ यापेक्षा ‘अर्ज अमुक तारखेला दिला, उत्तर आलं नाही’ हे वाक्य दोन्ही भाषांतल्या वाचकाला सारखंच लागतं.

बोलीतले शब्द पेपरात लिहिले तर चालतात का?

अर्थ सांगताना चालतात, मुख्य उत्तरात नको. ‘खरं’ हा ‘पण’ या अर्थानं लिहिलात तर पुण्याचा परीक्षक वाक्य दोनदा वाचेल आणि मार्क एकदाच कापेल.

हे शब्द पडताळायला कोणता कोश बघू?

जुना अर्थ हवा असेल तर मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश, 1857 ची आवृत्ती. शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर तो फुकट शोधता येतो. कन्नड शब्दासाठी किटेलचा 1894 चा कोश. दोन्ही शेजारी उघडून ठेवा आणि एक शब्द इकडं, एक तिकडं असं बघत जा. मात्र संध्याकाळी क्लास असेल त्या दिवशी हे करू नका. मी एकदा ‘कड’ शोधायला बसलो आणि मुलं दारात येऊन उभी राहिली तरी मला कळलं नाही.